हाताची घडी, मिटलेले डोळे

परिपाठ संपत आला की आमच्या शाळेच्या भोंग्यातून एक धीरगंभीर आवाज यायचा. डोळे बंद करा, पाठ ताठ ठेवा, लक्ष श्वासाकडे. पाचवी ते आठवीची सगळी मुलं पटांगणावर मांडी घालून बसलेली असायची आणि सकाळचं कोवळं ऊन बघता बघता चटके द्यायला लागलेलं असायचं. मी माझ्या वर्गाच्या रांगेशेजारी उभी. डोळे अर्थातच उघडे, कारण डोळे उघडणाऱ्या मुलांना पकडणं हे माझं काम होतं.

त्या रांगेत सहावीतला एक मुलगा होता. खरं नाव सांगत नाही, राजू म्हणू. पहिलं अर्धं मिनिट राजू डोळे इतके घट्ट मिटायचा की कपाळाला आठ्या पडायच्या. मग त्याचं एक बोट मातीत रेघ ओढायला लागायचं. त्या रेघेवर एखादी मुंगी यायची, मग मुंगीला वळसा घालावा लागू नये म्हणून तो रेघ पुढे वाढवायचा, आणि तेवढ्यात पुढच्या मुलाच्या बुटाची सुटलेली लेस दिसायची. मी खांद्यावर टिचकी मारायचे. तो दचकून पुन्हा डोळे मिटायचा. तिसऱ्या वेळी मी त्याला उभं करायचे. ध्यान करता येत नाही म्हणून उभं राहण्याची शिक्षा झालेला तालुक्यातला तो पहिला मुलगा असावा. हे बरेच महिने चाललं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

आमच्या लहानपणी वर्गात गलका झाला की बाई ओरडायच्या, ‘हाताची घडी, तोंडावर बोट!’ आता बोटाच्या जागी पापण्या आल्या, एवढाच काय तो फरक. म्हणून हा लेख. ज्या मुलांचं लक्ष टिकत नाही त्यांना माइंडफुलनेस शिकवा, ध्यानाला बसवा, असा आग्रह आता सगळीकडून होतो. शाळा करतात, क्लासवाले करतात, पालकांचे व्हॉट्सॲप ग्रुप तर करतातच. या शिकवणीला माझा विरोध नाही. पण आपण ती चुकीच्या माणसापासून सुरू केली आहे, असं माझं ठाम मत झालं आहे.

आधी शब्दाबद्दल थोडं. हे खूळ अमेरिकेतून आलं असं एक गट म्हणतो, आणि हे तर आपलंच, त्यांनी चोरलं असं दुसरा. दोघांचंही अर्धंच खरं. मूळ पाली शब्द ‘सति’. संस्कृतात तोच ‘स्मृति’. ऱ्हिस डेव्हिड्स नावाच्या पाली पंडितांनी १८८१ मध्ये त्यासाठी ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी शब्द योजला आणि तो चिकटला. पुढे १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय विद्यापीठात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. धर्माचा भाग बाजूला ठेवून दवाखान्यात चालेल असं त्याचं रूप होतं, आणि आज जगभर शिकवलं जातं ते बहुतेक त्याच झाडाच्या फांद्यांवरचं. पण मला अडवून धरतो तो मूळ अर्थ. सति म्हणजे स्मरण, आठवण राहणं. मन भटकणारच आहे. ते भटकलं आहे याची आठवण होणं हा त्यातला खरा अभ्यास. मराठीत याला फार सुंदर शब्द आहे, भान. ‘भान राहिलं नाही’ आणि ‘भानावर ये’ हे आपण दिवसातून दहादा म्हणतो. एकाग्रता वेगळी आणि भान वेगळं. शाळेत आपण मागतो ती एकाग्रता, आणि तीही बाहेरून दिसणारी.

महाराष्ट्रात हे सगळं नवीन नाही. इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना ध्यानाचं केंद्र १९७६ पासून आहे. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून आले, त्यांच्या शिबिरांना पुढे परदेशातून माणसं यायला लागली. लहान मुलांसाठी तिथे आनापान शिकवतात, म्हणजे नैसर्गिक श्वास जसा येतो-जातो तसा नुसता पाहायचा. २०११-१२ च्या सुमारास शिक्षण विभागाने हेच ‘मित्र उपक्रम’ म्हणून शाळांत आणलं. शिक्षकांनी आधी स्वतः दहा दिवसांचं शिबिर करावं ही त्यातली मूळ कल्पना होती आणि रजेची सोयही होती. दिल्ली सरकारने २०१८ मध्ये आनंदाचा अभ्यासक्रम काढला, त्याचा तास ध्यानाने सुरू व्हायचा. आपल्याकडे २०२४ पासून ‘आनंददायी शनिवार’ आहे, त्यातही प्राणायाम, ध्यानधारणा आहेच. कागदावर यात नाव ठेवण्यासारखं फार काही नाही. कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावरून पटांगणावर येईपर्यंत काय होतं, ते मी पाहिलं आहे. शिबिराला जाऊन आलेले शिक्षक बदलून जातात. नव्यांना वेळ नसतो. मग कुणीतरी मोबाइलमध्ये ध्वनिफीत घेतो, मोबाइल माइकसमोर धरतो, आणि भोंगा ध्यान घेतो.

आता राजूसारख्या मुलांकडे येऊ. एडीएचडी, मराठीत अवधान-अस्थिरता आणि अतिचंचलता. जगभरच्या पाहण्यांचा गोळाबेरीज अंदाज असा की शाळकरी वयातल्या साधारण ५ टक्के मुलांना हे असतं. साठांच्या वर्गात तीन. निदान उठसूट करायचं नसतं. लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून हवीत, सहा महिने तरी टिकलेली हवीत आणि किमान दोन ठिकाणी, म्हणजे घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसायला हवीत. फक्त गणिताच्या तासाला चुळबुळणारं मूल यात बसत नाही. दोष गणिताच्या तासाचाही असू शकतो. आणि नुसता दंगा म्हणजे एडीएचडी नव्हे. खिडकीशी गप्प बसून हरवलेली एखादी मुलगी हाच त्रास सहन करत असते. तिच्या प्रगतिपुस्तकात आपण वर्षानुवर्षं ‘शांत आहे, अधिक प्रयत्न आवश्यक’ लिहून मोकळे होतो.

या मुलांच्या बाबतीत ‘लक्ष नाही’ हा शब्दप्रयोगच फसवा आहे. राजूचं लक्ष भरपूर होतं. मुंगीकडे होतं, लेसकडे होतं, रस्त्यावरून गेलेल्या ट्रॅक्टरच्या आवाजावरून तो कुणाचा ते सांगण्याइतकं होतं. सायकलचं फ्रीव्हील उघडून बसला की दोन तास जेवायला उठायचा नाही. आई-वडील हाच पुरावा म्हणून पुढे करायचे, ‘बघा बाई, मनात आणलं की जमतं त्याला.’ कमी असतो तो लक्षावरचा ताबा, हवं तिथून उचलून हवं तिथे ठेवण्याचा. अमेरिकेत फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मुलांच्या मेंदूची चित्रं वर्षानुवर्षं काढून तुलना केली. इतर मुलांत मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी सरासरी साडेसात वर्षांच्या सुमाराला शिखरावर पोचते, एडीएचडीच्या मुलांत साडेदहाच्या सुमाराला. तीन वर्षांचा उशीर, आणि तो सर्वांत ठळक दिसला कपाळामागच्या, स्वतःला आवरण्याचं काम करणाऱ्या भागात. सहावीच्या मुलाकडून आपण जो संयम मागतो तो त्याच्या आत अजून तिसरीत असतो, असं मी माझ्यापुरतं समजते. डॉक्टर असं ढोबळ बोलणार नाहीत, पण मला वर्गात त्याचा उपयोग होतो.

आणि अशा मुलाला आपण उपाय म्हणून काय देतो? दहा मिनिटं न हलता बसायला लावतो आणि जे त्याला सर्वांत कमी जमतं तेच मागतो. पांगळ्याला ‘जिना चढ, पायात बळ येईल’ म्हणावं तसं. वर न जमल्याबद्दल खांद्यावर टिचकी. एक आणखी हरण्याची जागा त्याच्या दिवसात आपण तयार करतो, तीही सकाळी सव्वासातला, पहिला तास सुरू होण्याआधी.

याबद्दल संशोधन काय म्हणतं, हे मी जमेल तसं वाचलं. वाचून माझ्या बऱ्याच सहकाऱ्यांची निराशा होईल. ब्रिटनमध्ये ८५ शाळांत आठ हजारांहून जास्त मुलांवर एक मोठी चाचणी झाली. मुलं ११ ते १३ वर्षांची, काम ऑक्सफर्डमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. निम्म्या शाळांत प्रशिक्षित शिक्षकांनी माइंडफुलनेसचे तास घेतले, निम्म्यांत नेहमीचं भावनिक-सामाजिक शिक्षण चालू राहिलं. मुलांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला का? नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. जी मुलं आधीच मानसिक त्रासाच्या काठावर होती, त्यांच्यात तर उलट किंचित तोटा दिसला. लाभ दिसला तो शिक्षकांत. शिकवून शिकवून येणारा थकवा, कोरडेपणा काही काळ कमी झाला. हा मुद्दा बातम्यांत तळाला गेला. मला तो पहिल्या ओळीत हवा होता.

अर्थात ही सगळ्या मुलांवरची चाचणी होती, एडीएचडीच्या मुलांवरची नव्हे. त्यांच्यासाठी नेदरलँड्समध्ये सुझन ब्योगल्स आणि सहकाऱ्यांनी वेगळा कार्यक्रम बांधला. आठवड्याला एक अशी आठ सत्रं. त्याची रचनाच आपल्यापेक्षा वेगळी आहे. एका खोलीत मुलं, शेजारच्या खोलीत त्याच वेळी त्यांचे आई-वडील. मुलाला जे शिकवायचं ते पालकालाही. मूल आपण चिडेपर्यंत ताणतं तेव्हा आपल्या छातीत काय होतं, हात कधी उगारला जातो, ते पालक शिकतात. याच धर्तीवर तिथे १०३ कुटुंबांची चाचणी झाली. मुलं ८ ते १६ वर्षांची, निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि वर हा कार्यक्रम. सरासरी काढली तेव्हा मुलांच्या आत्मनियंत्रणातला फरक इतका लहान निघाला की तो योगायोगही असू शकेल. मात्र एकेका मुलाकडे पाहिलं तर कार्यक्रम केलेल्यांत साधारण तिघांत एक नक्की सुधारला होता, न केलेल्यांत दहांत एक. आणि पालकांच्या स्वतःच्या वागण्यात, स्वतःकडे पाहण्यात फरक पडला होता.

मी यातून जो अर्थ काढते तो असा. हे औषध नाही. काही मुलांना उपयोग होतो, बऱ्याच जणांना होत नाही, आणि कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही. दोन्ही देशांत मोठ्या माणसांना मात्र काहीतरी मिळालं. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्के असल्याचं जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं, हेही इथे जोडून घ्या. म्हणजे ‘याचे वडीलही लहानपणी असेच होते’ हे आजीचं वाक्य बहुतेकदा खरं असतं. आणि वडील बऱ्याचदा अजूनही तसेच असतात. धुमसणारं मूल आणि तसाच धुमसणारा बाप एका खोलीत गृहपाठाला बसतात, तेव्हा दोघांपैकी एकालाच ध्यानाला पाठवून काय साधणार?

आता औषधाचा विषय टाळता येत नाही, कारण ध्यानाच्या प्रचाराचं अर्धं बळ औषधाच्या भीतीतून येतं. ‘मुलाला गोळ्यांवर नको ठेवायला, त्यापेक्षा योगा लावू.’ पालकसभेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे. भीती समजते. ज्या मिथाइलफेनिडेटबद्दल ही कुजबुज असते ते १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं. शोधणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाच्या बायकोचं घरातलं नाव रीटा, त्यावरून रिटालिन. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या आई-वडिलांपेक्षा ते औषध वयाने मोठं आहे, कालपरवाचा प्रयोग नाही. १९९९ मध्ये अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या अभ्यासात नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने मूळ लक्षणं वर्तनोपचारापेक्षा जास्त आटोक्यात आली. पण तीच मुलं तीन वर्षांनी पाहिली तर गटागटांतला फरक पुसला गेला होता. म्हणजे गोळी दिली आणि सुटलो, असंही नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला वयानुसार बदलतो. सहाच्या आतल्या मुलासाठी आधी पालकांचं प्रशिक्षण, सहाच्या पुढे औषध आणि वर्तनाचं प्रशिक्षण दोन्ही. तिथेही पालक आहेतच, बघा.

गोळी की ध्यान, असा सामनाच मुळात खोटा आहे. चष्मा की डोळ्यांचे व्यायाम, असं कुणी विचारलं तर आपण चष्मा लावून व्यायाम करा म्हणू. शिवाय गोळीची निवड तालुक्याच्या ठिकाणी बऱ्याचदा पालकांच्या हातात नसतेच. हे नियंत्रित यादीतलं औषध, प्रत्येक मेडिकलात मिळत नाही. मानसोपचारतज्ज्ञ देशात लाखामागे एकही भरत नाहीत, त्यातही मुलांचे फार थोडे. एक दिवसाची मजुरी बुडवून, एसटीने जिल्ह्याला जायचं, दिवसभर रांग. या रिकाम्या जागेत मग नाही ते घुसतं. मध्यंतरी ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग गावोगाव निघाले होते. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलं रंग ओळखतात, पुस्तक वाचतात, एकाग्रता वाढते, फी मात्र हजारांत. नाकाच्या दोन्ही बाजूंनी पट्टीखाली फट राहते आणि त्यातून दिसतं, एवढंच त्यातलं मिडब्रेन. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने सोन्याची पोत मोडून ती फी भरली होती. तेव्हापासून एकाग्रता वाढवून देणाऱ्या कुठल्याही जाहिरातीवर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही.

राजूचं पुढे काय झालं ते सांगण्याआधी माझं काय झालं ते सांगते. त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी इगतपुरीला दहा दिवस जाऊन आले. कुतूहल म्हणून नाही, घरात एक मरण झालं होतं आणि मला झोप लागत नव्हती. पहाटे चारला घंटा. मोबाइल जमा. दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी बोलायचं नाही. अकराला जेवण, संध्याकाळी चहा, कुरमुरे. पहिले तीन दिवस फक्त नाकाच्या टोकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, दुसरं काही नाही. मी पंचेचाळिशीची बाई, बी. एड. केलेली, वर्गाला अठरा वर्षं ‘लक्ष द्या’ सांगत आलेली. मला सलग पाच श्वास पाहता आले नाहीत. चौथ्या श्वासाला मी स्वयंपाकघरात पोचलेली असायचे, सहाव्याला नणंदेशी भांडत. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये माझं बोट आसनाच्या शिवणीवरून मागे-पुढे फिरतंय हे माझ्या लक्षात आलं. ते किती वेळ फिरत होतं, देव जाणे. मला एकदम पटांगणावरची रेघ आठवली. त्या क्षणी कुणी माझ्या खांद्यावर टिचकी मारली असती, तर मी उठून बस पकडली असती.

कुणी मारली नाही. सूचना फक्त इतकी होती की मन गेलं हे कळलं की परत या. चिडू नका, खट्टू होऊ नका. म्हणजे भटकणं ही चूक धरलीच नव्हती. आम्ही शाळेत नेमका तोच भाग गाळला होता आणि भोंगा ठेवला होता.

परत आल्यावर मी मोठं काही केलं नाही. परिपाठाचं ध्यान माझ्या हातात नव्हतं, पण रांगेशेजारी उभं राहून पहारा देणं बंद केलं. डोळे मिटून बसायला लागले, मुलांबरोबर, मातीत. राजूला सांगितलं, डोळे उघडे ठेव, बोट फिरव हवं तर, फक्त बोटाला माती कशी लागते ते बघत राहा. वर्गात त्याची जागा खिडकीपासून उचलून माझ्या टेबलाजवळ आणली. खडू आणायचे, हजेरी ऑफिसात द्यायची, ही कामं त्याची, कारण त्या निमित्ताने दर तासाला दोन मिनिटं त्याला उठता यायचं. दहा उदाहरणांऐवजी एका वेळी दोन. हे कुठल्याही परंपरेत बसत नाही, पण माझ्या अनुभवात बाक बदलण्याइतका गुण कुठल्याच श्वासाने दिला नाही.

मग काही खेळ. पितळी घंटा एकदा वाजवायची आणि आवाज पूर्ण विरला असं वाटलं की हात वर करायचा. सगळा वर्ग कान टवकारून बसतो. सर्वांत शेवटी हात वर करणाऱ्या तिघांत राजू बहुतेक असायचाच, कारण इतरांना विरलेला वाटणारा आवाज त्याला अजून येत असायचा. काठोकाठ भरलेला पेला घेऊन वर्गाला एक फेरी. एक शेंगदाणा, तो दोन मिनिटं खायचा. सगळं उघड्या डोळ्यांनी, हलत-डुलत, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत संपणारं.

आणि एक वाक्य. शिकवताना कुणाचं मन बाहेर गेलं तर मी ‘लक्ष कुठंय?’ असं दरडावून विचारणं सोडलं. त्याऐवजी वर्गात ठरवून घेतलं, गेलेला माणूस परत आला की त्यानेच हळू आवाजात सांगायचं, ‘बाई, गेलो होतो.’ मी म्हणायचं, ‘बरं, आलास ना.’ आणि पुढे शिकवायचं. शिक्षा नाही, चौकशी नाही. सुरुवातीला मुलांनी याचा तमाशा केला. आठवडाभर दर मिनिटाला कुणीतरी ‘गेलो होतो’ करत होतं, एक जण तर डबा खाऊन आलो म्हणाला. मग ओसरलं. राजू दिवसातून पंधरा-वीस वेळा सांगायचा. दुसरं सत्र संपता संपता तितक्याच वेळा जात असेलही, पण परत लवकर यायचा. त्याचे गुण वाढले का? भाषेत थोडे वाढले, गणितात नाही. तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. मार्चमध्ये त्याच्या आईने त्याला जिल्हा रुग्णालयात दाखवलं, पुढे औषधही सुरू झालं, आणि त्यातल्या कशाने किती फरक पडला हे वेगळं काढायला मी संशोधक नाही.

यावर माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला तोंडपाठ आहे. ‘आधीच निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचा हिशेब, त्यात आता आम्हीही ध्यान करायचं?’ आक्षेप शंभर टक्के खरा आहे. म्हणून शिक्षकांवर ध्यानाची सक्ती करणारा नवा जीआर मला नको आहे. सक्तीचं भान म्हणजे पुन्हा हाताची घडीच. पण मग मुलांवरची सक्तीही नको. शिक्षक स्वतः करत नसेल, त्याला त्यात गोडी नसेल, तर त्या शाळेत ते दहा मिनिटांचं ध्यान रद्द करून मुलांना पटांगणावर पळू द्यावं. भोंग्याच्या ध्यानापेक्षा पकडापकडी केव्हाही बरी. ‘ध्यान तर आपल्या संस्कृतीत आहे, त्याने वाईट काय होणार’ म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारते, की ज्या परंपरेत गुरू आधी स्वतः वर्षानुवर्षं बसायचा, तिच्यातून गुरू वजा केला तर शिल्लक काय राहतं?

सरकारकडून हवंच असेल तर दुसरं काही हवं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरहून सुरू झाला, जिल्हा झालाही नव्हता तेव्हा पालघरचा. शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांत जे आजार आणि अडचणी शोधायच्या त्यांच्या यादीत एडीएचडीही आहे. तपासणीची गाडी शाळेत येते, वजन होतं, दात पाहतात, डोळे पाहतात. साठ मुलं एका सकाळी उरकायची, तर त्यात तीन राजू कसे सापडणार? ते वर्गशिक्षकाला माहीत असतात. त्याला विचारायचा रकाना हवा. दुसरं, दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत, अध्ययन अक्षमता आहे, स्वमग्नता आहे. नुसत्या एडीएचडीचं नाव नाही. म्हणजे वाचन-लेखनाची अडचण सिद्ध झाली तर मुलाला एक दार उघडतं, आणि लक्षाचीच अडचण असली तर त्याने कुठलं दार ठोठवायचं हे कुणाला सांगता येत नाही. आणि पटसंख्या. कायद्यात पहिली ते पाचवीला तिसांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तिसांमागे एक. माझ्या वर्गात या वर्षी ५८ आहेत. तेवढ्यांत कुणी कितीही दीर्घ श्वास घेतला तरी शेवटच्या बाकापर्यंत तो पोचत नाही.

मी अजून ध्यान करते, रोज नाही जमत. वर्गात शिरण्याआधी दाराशी क्षणभर थांबते, पाय जमिनीला टेकलेत का बघते, मग आत जाते. काही दिवस ते करायचंही विसरते.

गेल्या आठवड्यात सातवा तास. मुलं स्वाध्याय सोडवत होती आणि मी टेबलावर मोबाइलमध्ये मान घालून कुठलीशी तातडीची माहिती भरत होते. आधार क्रमांक, जन्मतारीख, आधार क्रमांक. बराच वेळ गेला असावा. यंदाची तुकडी वेगळी आहे, राजू केव्हाच पुढे गेला. पण ते वाक्य अजून वर्गात आहे. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन माझ्यासमोर उभी होती, ती किती वेळ उभी होती मला ठाऊक नाही. मी मान वर केल्यावर म्हणाली, ‘बाई, तुम्ही गेल्या होत्या.’

‘हो गं,’ मी म्हटलं, ‘आले.’ फोन पालथा ठेवला आणि तिची वही घेतली. माहिती पाचच्या आत पाठवायची होती.